थोरलीच्या दोन ओळी

शीतगृहाच्या कंट्रोल रूममध्ये शिरलं की उजव्या हाताला भिंतीला पाठ करून जी बाई बसलेली दिसायची, तिला अख्खं शीतगृह थोरली म्हणायचं. तिला नाव नव्हतं असं नाही, पण पगाराच्या पावतीबाहेर ते फारसं कुणी वाचलं नव्हतं. गंमत अशी, की ती नोकरीला लागली तेव्हा तिला कुणीच थोरली म्हणत नव्हतं. थोरली व्हायला आधी धाकटी लागते. धाकटी आली आणि ही एका दिवसात थोरली झाली. तेव्हापासून तिच्या पोटात जे दुखायला लागलं, ते काही केल्या राहीना.

धाकटी म्हणजे तिची जाऊ, धाकट्या दिराची बायको. एकाच घरात दोघी, डब्यात एकच भाजी, आणि आता ऑफिसही एकच. हे असं कसं झालं म्हणाल, तर थोरलीनंच स्वतःच्या हातानं करून ठेवलं होतं. लग्न होऊन आलेली धाकटी घरात बसून कंटाळली होती. "तुझ्या साहेबांच्या कानावर घाल की जरा," असं सासूबाई येता-जाता म्हणायच्या. शेवटी थोरलीनं मोठेपणाच्या भरात शब्द टाकला. तिला वाटलं, हाताखाली आपलं माणूस येईल, 'ताई, हे कसं करायचं?' म्हणत मागेमागे फिरेल. फिरली की! पहिला महिनाभर फिरली. दुसऱ्या महिन्यात फिटर, हिशेबनीस, खुद्द साहेब, सगळे धाकटीच्या टेबलाशी घुटमळायला लागले, आणि थोरलीच्या टेबलाशी आला तर फक्त चहा.

थोरली काही ऐरीगैरी नव्हती, हेही सांगायला हवं. शीतगृहात वीस खोल्या. कुठे सफरचंदं, कुठे बटाटे, कुठे चीज, आणि पहिल्या खोलीत आइस्क्रीम. कुठल्या खोलीत किती गारवा आहे, ते बघायला पूर्वी एक माणूस कानटोपी घालून दारोदार हिंडायचा. थोरलीनं नवीन असताना, कुणी न शिकवता, एका जाडजूड पुस्तकावर डोळे फोडून एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे तरी काय, हे कर, मग ते कर, असं कॉम्प्युटरला ओळीनं लिहून दिलेलं काम. ती चालवली की टर्मिनलच्या, म्हणजे नुसती अक्षरं दाखवणाऱ्या, काळ्या खिडकीत एक पाटी उमटायची. एका खोलीची एक ओळ. आधी खोलीचा नंबर, मग तापमान, आणि पुढे त्या मापाची छोट्या छोट्या रेघांची पट्टी. तिच्या त्या पाटीमुळे कानटोपीवाल्याचे पाय वाचले. तो रिटायर होईपर्यंत तिला भेटला की हात जोडायचा.

त्या काळातल्या स्क्रीन म्हणजे पेटाऱ्यासारखे डबे. आडवी ऐंशी अक्षरं, उभ्या चोवीस ओळी, संपलं. त्यात एक खोड होती. एखाद्या प्रोग्रॅमनं त्या डब्याला 'तू केवढा आहेस रे बाबा?' असं विचारलं, की डबा सांगायचा, रुंदी शून्य, उंची शून्य. मग प्रोग्रॅम गडबडायचा आणि सगळी अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडायची. थोरलीनं यावर तोडगा काढला. कुणीही लॉगिन केलं की मशीन आधी एक फाइल वाचतं, सगळ्यांची मिळून एकच. त्या फाइलीत तिनं दोन ओळी लिहिल्या. कुणी रुंदी विचारली तर ऐंशी सांग, उंची विचारली तर चोवीस. डब्याला विचारायचंच नाही, परस्पर उत्तर द्यायचं. झालं, गोंधळ मिटला. तेव्हाचे साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "बाईंनी कमाल केली!" ते शब्द थोरलीनं इतकी वर्षं जपून ठेवले होते.

पुढे ते डबे भंगारात गेले, लांबरुंद स्क्रीन आल्या. त्या दोन ओळी मात्र तिथेच राहिल्या. चालू कामात हात घालायचा नाही, हा थोरलीचा खाक्या. आणि तिच्या स्वतःच्या पाटीला कुणाला माप विचारायची गरजच नव्हती, कारण ऐंशी हा आकडा तिनं पाटीच्या पोटातच लिहून टाकला होता.

हे सगळं एकीकडे. खरं दुखणं घरात होतं.

थोरलीची एकुलती एक लेक कॉलेजात कॉम्प्युटरच शिकत होती. कुठल्या आईला आनंद होणार नाही? थोरलीलाही झाला होता. ती वाट बघत होती, की पोरगी एक दिवस वही घेऊन येईल आणि म्हणेल, आई, हे जरा समजावून दे. पोरगी वही घेऊन आली, पण गेली थेट काकूच्या खोलीत. थोरलीनं एकदा न राहवून म्हटलंसुद्धा, "अगं, मलाही विचारत जा की कधीतरी. मी पण हेच करते ना?" त्यावर लेक हसून म्हणाली, "आई, हे नवीन आहे गं. तुला नाही कळायचं." आणि आईच्या गालाचा मुका घेऊन काकूकडे पळाली. तो मुका थोरलीला चापट मारल्यासारखा लागला.

एका रविवारी जेवणं उरकल्यावर धाकटीनं लेकीचा लॅपटॉप टेबलावर उघडला. थोरली ओट्यापाशी भांडी पुसत होती. हात भांड्यांवर, कान टेबलाकडे.

"बघ हं," धाकटी लेकीला सांगत होती, "ताईंची पाटी मी नव्यानं करून बघितलीय. आकडे आत्ता खोटे घातलेत. एखादी खोली जास्त तापली की तिची ओळ लाल होते."

"काकू, आणि खिडकी लहान केली तर?"

"कर की. करून बघ."

लेकीनं खिडकीचा कोपरा धरून आत ओढला. पाटीवरच्या पट्ट्या आपोआप आखडल्या. कोपरा बाहेर ओढला, तर त्या लांब झाल्या आणि पाटी कडेपर्यंत नीट भरून राहिली.

"अय्या! हिला कळतं कसं?"

"कळत कसलं, विचारते ती. दर वेळी पाटी काढायच्या आधी माझी स्क्रिप्ट खिडकीला विचारते, बाई गं, आत्ता तू किती रुंद, किती उंच? तिनं सांगितलं की तेवढ्यात बसवायचं. उगीच आपल्या मनानं धरून चालायचं नाही."

"आणि आईची पाटी विचारत नाही?"

"ताईंनी केली तेव्हा सगळ्या स्क्रीन एकाच मापाच्या होत्या. विचारायचं कशाला?"

धाकटी हे अगदी सरळ मनानं म्हणाली होती. पण थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या त्या झोंबल्याच. आपल्या मनानं धरून चालायचं नाही म्हणे! हा टोमणा कुणाला? तिनं हातातली ताटली रॅकमध्ये अशी आदळली, की बाहेरच्या खोलीतून सासूबाई ओरडल्या, "फुटलं का गं काही?"

"काही नाही फुटलं," थोरली म्हणाली. टेबलाशी दोघींची डोकी पुन्हा एकत्र आली आणि खिदळणं सुरू झालं. माझ्याशी बोलताना ही कार्टी अशी कधी खिदळते का, हे थोरलीनं मनातल्या मनात आठवून बघितलं. आठवलं नाही.

त्याच आठवड्यात साहेबांनी दोघींना आत बोलावलं. एका मोठ्या आइस्क्रीम कंपनीचे लोक शीतगृह बघायला येणार होते. त्यांचा थोडा माल पहिल्या खोलीत आधीच होता. व्यवस्था पसंत पडली असती, तर सगळाच माल इथे आला असता. म्हणून साहेबांनी कंट्रोल रूमच्या भिंतीवर भलीमोठी स्क्रीन बसवायचं ठरवलं होतं. पाहुणे आत आले की समोर पाटी झळकली पाहिजे.

"आणि बरं का," साहेब चष्मा पुसत म्हणाले, "कंट्रोल रूमला आता प्रमुख नेमायचाय. वरून सारखं विचारतायत. तुमच्यातल्या जिची पाटी भिंतीवर जाईल, ती प्रमुख. हिशेब सरळ."

थोरली बाहेर आली ती धुमसतच. इतकी वर्षं बिनबोभाट ती खोली सांभाळली, प्रमुख कुणी म्हटलं नाही तरी होती तीच. आणि आता ही कालची आलेली तिच्या डोक्यावर बसणार? घरी सासू हिची, लेक हिची, आणि आता खुर्चीही हिचीच! भिंतीवर जाईल तर माझीच पाटी जाईल, असं तिनं जिन्यावरच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं आपली स्क्रिप्ट ऑफिसच्या मशीनवर आणली, आणि काय आश्चर्य! घरी शहाण्यासारखी वागणारी पाटी इथे हट्टाला पेटली. खिडकी कितीही मोठी करा, पाटी आपली डाव्या कोपऱ्यात अंग चोरून ऐंशी अक्षरांत बसलेली. धाकटीनं खिडकी ओढून बघितली, बंद करून उघडून बघितली. ढिम्म.

थोरलीनं तिरक्या नजरेनं बघितलं आणि तिला लख्ख कळलं. माझ्या दोन ओळी! धाकटीची स्क्रिप्ट विचारत होती बरोबर, पण तिचा प्रश्न खिडकीपर्यंत पोचतच नव्हता. मधल्या मध्ये थोरलीची जुनी फाइल उत्तर देत होती, ऐंशी, चोवीस. थोरलीच्या मनात अशा उकळ्या फुटल्या, की तिला हसू लपवायला ड्रॉवर उघडून आत बघावं लागलं.

"ताई," धाकटी खुर्ची सरकवत म्हणाली, "घरी नीट येतं हो. इथे का नाही येत? तुम्हाला काही सुचतंय का?"

सांगायला किती वेळ लागला असता? दोन ओळी खोडेपर्यंत चहाचा घोटसुद्धा गार झाला नसता.

"काय की बाई," थोरली म्हणाली. "जुनी मशीनं ही. ह्यांचं असंच असतं."

"माझंच काहीतरी चुकत असणार," असं म्हणत धाकटी पुन्हा आपल्याच स्क्रिप्टमध्ये डोकं खुपसून बसली. दोन दिवस बिचारी स्वतःचं लिहिलेलं उलटंपालटं करत राहिली. थोरली समोर बसून मिठाची गुळणी धरून होती. जेवायच्या सुट्टीत मात्र तिनं धाकटीला आपल्या डब्यातली भाजी जरा जास्तच वाढली.

पण साहेबांचं डोकं ते साहेबांचंच. दोन्ही पाट्या बघून ते म्हणाले, "ही लाल होणारी घेऊ. पाहुण्यांना रंग आवडतात. लहान दिसतेय? मग अक्षरं मोठी करा की!"

झालं! थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. तिच्या दोन ओळींनी धाकटीला अडवलं होतं खरं, पण साहेब त्या अडचणीवरून सहज टांग टाकून पलीकडे गेले. घरी जाताना धाकटी म्हणाली, "ताई, तुमच्याच पाटीवरून केलीय ना, म्हणजे तुमचीच की." थोरलीनं पर्समध्ये किल्ली शोधायचं नाटक केलं. घरात पाऊल टाकलं, तर लेकीला बातमी आधीच कळलेली. तिनं काकूला मिठी मारून गरकन फिरवलं. आईकडे लक्ष गेलं तेव्हा म्हणाली, "आई, तू पण खूश आहेस ना?"

"न व्हायला काय झालं?" थोरली म्हणाली आणि कपडे बदलायला आत गेली. बराच वेळ ती कपाटाच्या दाराआड नुसती उभी होती.

पाहुणे आले त्या सकाळी फिटरची नुसती धावपळ. एरवी खोल्यांची दारं घट्ट लागलीत का, हे बघत फिरणं त्याचं काम. आज साहेबांनी त्याला स्क्रीनच्या मागे लावला होता. तो अक्षरं मोठी करत गेला, करत गेला, पाटी भिंतीच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेला टेकेपर्यंत. "बास!" साहेब खाली जाता जाता म्हणाले. "आता कशी भरल्यासारखी वाटते."

थोरलीनं आपल्या जागेवरून ते बघितलं, आणि तिच्या कपाळावरची आठी एकदम सुटली. अक्षरं मोठी झाली की ओळी कमी मावणार, हे उघड होतं. भिंतीवर आता चोवीस ओळी मावत नव्हत्या. पण धाकटीच्या स्क्रिप्टला हे कोण सांगणार? ती विचारत होती, आणि थोरलीची फाइल छातीठोक सांगत होती, चोवीस. मग ती मथळा, वीस खोल्या आणि उरलेल्या जागेच्या कोऱ्या, अशा चोवीस ओळी छापायची. शेवटच्या ओळी खाली आल्या, की वरच्या ढकलल्या जाऊन दिसेनाशा व्हायच्या. वरचा मथळा गेला होता. मथळ्याखालची पहिल्या खोलीची ओळही गेली होती. भिंतीवर पाटी दुसऱ्या खोलीपासून सुरू होत होती, आणि ते एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

खाली साहेब पाहुण्यांना पहिली खोली दाखवत होते. त्यांचाच माल, तेव्हा तीच आधी. अंगात जाड कोट घालून पाच-सहा जण आत गेले, वाफा सोडत, हात चोळत बाहेर आले, आणि बोलण्याच्या नादात शेवटच्यानं दार नुसतं लोटलं. लागलं नाही. ते बघायला तिथे फिटर कुठे होता?

पाहुणे वर आले. साहेबांनी धाकटीला पुढे केलं, "ह्या आमच्या मॅडम, ही पाटी ह्यांची." धाकटीनं नवी साडी नेसली होती. आवाज आधी थोडा कापला, मग सुटला. पाहुणे माना डोलवायला लागले. थोरली मागे आपल्या टेबलाशी. तिच्या समोरच्या खिडकीत तिची जुनी पाटी चालू होती. कोपऱ्यातली, बिनरंगाची, पण पहिल्या ओळीपासून विसाव्या ओळीपर्यंत पुरी.

त्या पाटीवर पहिल्या खोलीचा आकडा हलला. उणे वीस होता, तो उणे अठरा झाला.

थोरली ताठ बसली. दार उघडं राहिलंय, तिला लगेच कळलं. तिनं भिंतीकडे बघितलं. भिंतीवर सगळं हिरवंगार. ज्या ओळीनं लाल व्हायचं, ती ओळ तिथे होतीच कुठे?

आता बोलायचं. नुसतं 'दार!' म्हटलं असतं तरी भागलं असतं. तिनं तोंड उघडलं, आणि तेवढ्यात एक पाहुणा धाकटीला म्हणाला, "वा! फारच सुरेख केलंय तुम्ही." थोरलीचं उघडलेलं तोंड मिटलं. चढू दे अजून थोडं, तिला वाटलं. चांगलं उणे दहापर्यंत चढू दे. आइस्क्रीमची खीर होऊ दे, मग कळेल साहेबांना रंग म्हणजे काय ते. मग बघू कुणाची पाटी भिंतीवर राहते, आणि पोरगी कुणाला मिठ्या मारते. उणे सोळा. उणे पंधरा. आपण काय करतोय हे तिला पुरतं कळत होतं. तरी ती खुर्चीतून हलली नाही.

"आणि आता तुमचा माल," धाकटी हसून म्हणाली. "ही बघा पहिली खोली..."

तिनं लांब छडी उचलून सगळ्यात वरच्या ओळीवर टेकवली. तिथे होता दोनचा आकडा. धाकटीचा हात तसाच थांबला. साहेबांनी खाकरून बघितलं. दुसरी एखादी असती तर छडी पुढे सरकवून वेळ मारून नेली असती. पाहुण्यांना कुठे कळणार होतं? पण धाकटी म्हणाली, अगदी मोठ्यानं, "थांबा. पहिली खोली दिसत नाहीये." आणि गर्रकन मागे वळली. "ताई! तुमच्या पाटीवर पहिली खोली काय दाखवतेय?"

सगळ्या माना थोरलीकडे वळल्या.

"उणे तेरा," थोरली म्हणाली. मग जणू आत्ताच दिसलं असं करून उठली, "अगं बाई! चढतंय की! दार बघा, दार!"

फिटर जिन्यावरून धडाधडा खाली पळाला. थोड्या वेळानं पहिल्या खोलीचा आकडा पुन्हा उतरायला लागला. माल वाचला होता. साहेबांनी रुमालानं मान पुसली.

"चूक माझी आहे," धाकटी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाली. तिचे कान लाल झाले होते, पण नजर खाली नव्हती. "अक्षरं मोठी केल्यावर मी ओळी मोजून बघायला हव्या होत्या. माझ्या स्क्रिप्टला खिडकीचं माप चुकीचं मिळतंय, आणि का ते मला अजून सापडलेलं नाही. ताई, तुम्ही बघता का? तुमचा हात आहे ह्या मशीनवर."

थोरलीला वाटलं, जमीन फाटली तर बरं. पण जमीन कुठली फाटायला, खाली आइस्क्रीमची खोली. ती म्हणाली, "बघते. माझ्या जागेवरूनच बघते." भिंतीवरून केलं असतं तर ती फाइल पाहुण्यांएवढी मोठी दिसली असती ना! तिनं स्क्रीन जराशी आपल्याकडे वळवली, फाइल उघडली. दोन्ही ओळी जिथल्या तिथे, तिच्याच हातच्या. तिनं त्या खोडल्या. मग फिटरला सांगितलं, भिंतीवरची खिडकी बंद कर, पुन्हा लॉगिन कर, आणि पाटी लाव.

पाटी पुन्हा आली. या वेळी तिनं विचारलं ते थेट खिडकीला, आणि उत्तर मिळालं खिडकीचंच. मथळा वर, खाली पहिली खोली, मग ओळीनं वीसच्या वीस, कडेपासून कडेपर्यंत. एकही ओळ बाहेर नाही.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. साहेब तर फुलूनच गेले, थोरलीकडे हात करून म्हणाले, "बघितलंत? दोन दिवस जे सापडत नव्हतं ते मॅडमनी दोन मिनिटांत काढलं! आणि ह्यांची जुनी पाटी चालू होती म्हणून आज अब्रू राहिली. मी आत्ताच सांगतो, कंट्रोल रूमच्या प्रमुख ह्याच!" सगळ्यांत जोरात टाळ्या कुणाच्या होत्या? धाकटीच्या. थोरलीनं तिच्या चेहऱ्यावर बारीक शोधून बघितलं, कुठे कडवटपणा, कुठे नाक मुरडलेलं. आपल्या पोटात इतके दिवस जे जळत होतं, त्यातली एक ठिणगी तरी हिच्याकडे असेलच. कुठेच नव्हती. हिला माझा हेवा वाटत नाही म्हणजे काय, या विचारानं थोरलीला नव्यानंच राग आला.

संध्याकाळी घरी पोचायच्या आत धाकटीनं फोनवरून सगळं सांगून टाकलं होतं, वर मीठमसाला लावून. सासूबाईंनी दारातच थोरलीच्या पाठीवरून हात फिरवला. नवरा म्हणाला, "प्रमुख बाई, या!" आणि लेक, ती तर लॅपटॉप छातीशी धरूनच उभी होती. तिनं आईला हाताला धरून टेबलाशी बसवलं, स्वतः शेजारची खुर्ची ओढून अगदी खेटून बसली, आणि आईला आजवर कधी दिसले नव्हते अशा डोळ्यांनी बघायला लागली.

"आई, सांग ना. काकूला दोन दिवस सापडलं नाही, ते तुला कसं सापडलं? नेमकं काय चुकत होतं? मला सगळं पहिल्यापासून शिकव."

केवढ्या वर्षांनी! पोरीच्या तोंडून हे ऐकायला तिचे कान आसुसले होते. थोरलीनं बोलायला तोंड उघडलं. सांगायचं म्हणजे काय सांगायचं? त्या ओळी कुणाच्या होत्या, तिथून सुरुवात करावी लागणार. मग पोरगी विचारणार, म्हणजे तुला माहीत होतं? मग काकूनं विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस? हुशार होती कार्टी, दुसराच प्रश्न तो आला असता.

"असंच गं," थोरली म्हणाली. "जमलं आपलं."

"असं कसं? काहीतरी केलंच असशील ना?"

"केलं काहीतरी. तुला नाही कळायचं."

शब्द तोंडातून गेले आणि तिचे तिलाच ऐकू आले. लेकीचा चेहरा उतरला. ती मान वळवून स्वयंपाकघराकडे ओरडली, "काकू, तू तरी सांग! काय चुकलं होतं?"

"मला कुठे माहीत?" आतून धाकटीचा आवाज आला. "तुझ्या आईलाच विचार."

"ती नाही सांगत!"

"मग ये इकडे. आपण दोघी शोधून काढू. उद्या ऑफिसात मी ती लॉगिनची फाइल उघडून बघते, माझा आता तिच्यावरच संशय आहे. रोज रात्री सगळ्या फायलींची प्रत निघते, कालची असेल कुठेतरी."

लेक लॅपटॉप उचलून आत गेली. थोड्याच वेळात आतून दोघींचं खिदळणं ऐकू यायला लागलं. कंट्रोल रूमची प्रमुख टेबलाशी एकटी बसून ते ऐकत राहिली. शेजारची खुर्ची अजून तिच्या खुर्चीला खेटूनच होती.